झोंबणारी बाटली आणि न झोंबणारी

तुमच्या घरी कुणाच्या तोंडाला शेक चालू असतील, तर आधी उठा आणि त्यांच्या बेसिनवर चूळ भरायची कुठली बाटली आहे ती बघून या. मग पुढचं वाचा. माझी काही घाई नाही.

शेक म्हणजे रेडिएशन. डॉक्टर लोक रेडिएशन म्हणतात, आम्ही पेशंट लोक शेक म्हणतो. मला ते जिभेच्या कॅन्सरसाठी घ्यावे लागले. आता मी बरी आहे. बोलते, जेवते, भांडतेसुद्धा. फक्त 'र' म्हणताना जीभ जरा घसरते, आणि माझं नाव रंजना. म्हणजे नाव सांगतानाच पहिली पंचाईत! पण ऐकणारे समजून घेतात.

आम्ही पेणकडचे. माझं माहेर आणि सासर दोन्ही मिठागरावरची. आता मिठागरं राहिली नावाला, आमच्याकडे टेम्पो आहेत, मुलगा प्रशांत बंदराकडच्या कंटेनर यार्डात कामाला आहे. त्याने पनवेलला फ्लॅट घेतलाय. सून प्राजक्ता साताऱ्याकडची. घाटावरची सून आणली म्हणून गावात थोडी कुजबुज झाली होती. खोटं कशाला बोलू, त्या कुजबुजीत माझाही आवाज होताच.

मशेरी लावायचीस का?

सगळं सुरू झालं एका तुटलेल्या दाढेवरून. दाढेचं टोक जिभेच्या कडेला घासायचं, तिथे फोड आला. मी म्हटलं तोंड आलंय, उष्णता झाली असेल. सब्जा झाला, गुलकंद झाला, तुपाचं बोट फिरवून झालं. फोड काही जाईना. शेवटी पेणच्या दातांच्या डॉक्टरांनी दाढ घासून दिली, फोडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काकी, हे मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. उद्याच जा."

तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टच्या दिवशी मी, माझे यजमान आणि प्रशांत असे तिघं डॉक्टरांसमोर बसलो होतो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. मला 'कॅन्सर' एवढंच ऐकू आलं, पुढचं सगळं गेलं डोक्यावरून. मग त्यांनी विचारलं, "मशेरी? तंबाखू? गुटखा?" मी म्हटलं, आयुष्यात एकदाही नाही. ते लिहून पुढे गेले.

पण बाहेर आल्यावर ह्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग, चोरून मशेरी लावायचीस का?"

मेला! बायकोला कॅन्सर झालाय आणि हा माणूस पोलिसासारखी चौकशी करतोय! मी असं काही बघितलं की ते दोन पावलं मागेच सरकले. त्यानंतर नणंदेने विचारलं, शेजारणीने विचारलं, देवळातल्या गुरवाने विचारलं. आजारापेक्षा त्या प्रश्नाने मी जास्त पिसाळले. तुम्ही कुणा आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा हा प्रश्न घरी ठेवून जा, एवढी विनंती आहे.

त्या रिपोर्टच्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलतच नव्हते. पनवेलच्या स्टँडबाहेर त्यांनी शहाळं घेतलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "घाबरलोय गो मी. कायतरी विचारलं तोंडातून आलं ते." माझा राग तिथेच निम्मा उतरला. उरलेला मी पुढच्या भांडणासाठी ठेवला.

मुखवटा

ऑपरेशन झालं, जिभेच्या कडेचा भाग काढला. त्याचं फार सांगत नाही. ते झोपेत झालं आणि जखम भरत गेली. खरी कसोटी पुढे होती.

शेकाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत समोर बसवून सांगितलं, "मावशी, शेक सुरू केले की मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला की आजाराला सवड मिळते. तोंड सोलवटणार, खाणं जड जाणार, हे धरूनच चाला. पण वजन टिकवायचं. वजन फार उतरलं तर नाकातून नळी घालून खायला द्यावं लागेल. तब्येत त्याहून ढासळली तर शेक थांबवावे लागतील."

नळीला मी घाबरत होतेच, पण शेक थांबण्याला त्याहून जास्त. म्हणून मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होऊ दे, एक दिवस चुकवायचा नाही.

मी पनवेलला मुलाकडे राहायला आले. हे रोज टेम्पोतून हॉस्पिटलात न्यायचे. तिथे चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला पक्का लावून टाकतात. डोकं तसूभर हलत नाही. मग सगळे खोलीबाहेर जातात आणि दार लागतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथेच जीव गुदमरणार. तिथे एक सिस्टर होती. बाहेर जाण्याआधी ती न चुकता माझ्या पावलावर हात ठेवायची आणि म्हणायची, "मी काचेतून बघतेय हां मावशी." तो हात काढला तरी त्याची ऊब पावलाला राहायची. तेवढ्यावर मी पडून राहायचे. त्या पोरीचं भलं होवो.

जन्म मिठात गेला

त्याच सिस्टरने सुरुवातीला सांगितलं होतं, "कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून पुष्कळ वेळा चुळा भरा."

आता बघा, कुणी दुसऱ्याने हे मुकाट ऐकलं असतं. पण मी पडले मिठागरावरची. अर्धा जन्म डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहण्यात गेला. मीठ म्हणजे आमच्याकडे पायाखाली पडलेली गोष्ट. एवढी मोठी मशीन, एवढे मोठे डॉक्टर, आणि औषध काय तर मीठ? मी प्राजक्ताला म्हटलं, "ते राहू दे गो. दुकानातून चांगलं कायतरी आण. भारीतलं."

तिने बिचारीने मेडिकलात जाऊन सगळ्यात कडक माउथवॉश मागितला. निळ्याशार पाण्याची मोठी बाटली. दुकानदाराने सांगितलं म्हणे, "थोडं झोंबेल, पण एक जंतू शिल्लक राहणार नाही."

सुरुवातीला नुसती चुणचुण व्हायची. मग शेकाने तोंड आतून सोलवटायला लागलं, आणि त्या निळ्या पाण्याचा घोट तोंडात घेतला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मिरचीच्या हाताने डोळा चोळावा तसं. मी बेसिनला धरून उभी राहायचे आणि मनात आकडे म्हणायचे.

एकदा ह्यांनी बघितलं. म्हणाले, "झोंबतंय ना? मग बराबर हाय. लागू पडतंय."

मलाही ते पटलं, कारण आम्ही असेच वाढलोय. मिठागरात खाऱ्या पाण्यात उभं राहून पायांना भेगा पडायच्या, त्यात मीठ शिरायचं, आम्ही पोरी रडायचो. माझे वडील म्हणायचे, "झोंबू दे. झोंबतंय म्हणजे आत साफ होतंय." रडणारीला तिथे कुणी विचारायचं नाही. जी गप उभी राहील ती शहाणी. मी फार शहाणी होते.

तशीच शहाणी मी पनवेललाही राहिले. तोंडात बाटलीचं पाणी घेताना नळ मोठा सोडायचे, म्हणजे माझं कण्हणं बाहेर जाऊ नये. घोटभर पाणीही पुढे नको वाटायला लागलं. प्राजक्ता ऑफिसला जाण्याआधी पातळ पेज करून ठेवायची, वर साजूक तूप. मी दोन चमचे घ्यायचे आणि उरलेली मोरीत ओतायचे. संध्याकाळी भांडं रिकामं बघून ती खुश व्हायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचे टाळायचे.

बाटली कुठाय?

वजनकाट्यापुढे काही लपत नाही. डॉक्टरांनी काटा बघून आकडा फाइलवर लिहिला. मग म्हणाले, "असंच उतरत राहिलं तर नळी घालावीच लागेल. आणि काही दिवस शेक थांबवायचे का, तेही बघावं लागेल." एवढं सगळं सोसून शेवटी हेच?

त्यांनी मला त्याच इमारतीतल्या दातांच्या मॅडमकडे पाठवलं. त्या दिवशी प्राजक्ता सुट्टी घेऊन आली होती. मॅडमनी बॅटरी लावून तोंड बघितलं.

"चुळा कशाने भरता मावशी?"

मी बोलू शकत नव्हते. प्राजक्ताने माझ्या पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली, जरा अभिमानानेच. मॅडमनी झाकण उघडून वास घेतला, बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "हे रोज वापरता?"

"दिवसातून चार-पाच वेळा," प्राजक्ता म्हणाली. "एकदाही चुकवत नाहीत आई."

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ह्यात अल्कोहोल आहे. धडधाकट तोंडाला चालतं, थोडी जळजळ होते आणि संपतं. पण शेकाने ह्यांची कातडी सोलली गेलीय, लाळही आटलीय. त्यावर अल्कोहोल म्हणजे आणखी कोरडं आणि आणखी भाजणं. शेकाने तोंड दुखणारच, पण ह्यांचं निम्मं दुखणं ह्या बाटलीचं असेल. मीठ-सोड्याचं पाणी सांगितलं होतं ना? ते करा. बाटलीच हवी असेल तर बिनअल्कोहोलची घ्या. जेवणाआधी लावायला बधीर करणारं जेल देते."

प्राजक्ताचा चेहरा पांढराफटक पडला. मला सांगायचं होतं, अगं, चांगलं आण असं मीच म्हटलं होतं. पण जीभ उचलेना. मी नुसता तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला.

मेडिकलबाहेर

हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलात प्राजक्ताने "अल्कोहोल नसलेला" असं सांगून माउथवॉश मागितला. दुकानदाराने एक बाटली पुढे केली, "हाच घ्या, सगळे सारखेच." तिने मागचं बारीक अक्षर वाचलं आणि बाटली परत केली. दुसरी घेतली, ती वाचली, पैसे दिले.

मग ती पोरगी दुकानाबाहेर फुटपाथवर उभी राहिली. माझ्या पिशवीतून निळी बाटली काढली, झाकणभर पाणी तोंडात घेतलं आणि थांबली. मी जेवढा वेळ धरायचे तेवढा वेळ धरायचा प्रयत्न करत होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा गटारात थुंकली. तिचं तर तोंड धडधाकट! साध्या पाण्याने खळखळून तोंड धुतलं, मग नवी बाटली उघडून त्यातली चूळ भरली. येणारे-जाणारे बघत होते. पानवाला हात थांबवून बघत होता. चांगल्या घरची, ऑफिसला जाणारी मुलगी भर रस्त्यात चुळा भरतेय.

ती म्हणाली, "आई, ही झोंबत नाही."

एवढं म्हणून ती तिथेच हमसून हमसून रडली. ज्या सुनेबद्दल मी चार बायकांत बोलले होते, ती हीच. त्या घडीला मला माझ्या आजाराचं काही वाटलं नाही, तिला कुशीत कशी घेऊ एवढंच वाटलं. घेतलं. रस्ता होता तर होता.

नळाचा आवाज

इथेच गोष्ट संपली असती तर मी शहाणी ठरले असते. पण मूळची खोड जाते कुठे?

निळी बाटली प्रशांतने स्वतःला ठेवली. त्याचं बरोबरच होतं, त्याच्या तोंडाला काय झालंय? मी नवी बाटली आणि मीठ-सोड्याचं पाणी सुरू केलं. दोन-तीन दिवस झाले, पण तोंडातले फोड तसेच. शेक चालूच होते, फोड जाणार कसे? पण मला वाटलं, हे नुसतं पाणी आहे, ह्याने काय होणार. हेही नव्या बाटलीचा वास घेऊन म्हणाले, "सरबत हाय हे. ह्यानं कुठं जंतू मरतेत व्हय?"

झालं. एका सकाळी मी मोरीचं दार लोटलं, नळ मोठा सोडला आणि निळ्या बाटलीचं झाकण उघडलं. घोट तोंडात गेला आणि मी मोठ्याने कण्हले.

दार उघडून प्राजक्ता आत आली. माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि सगळी बेसिनमध्ये ओतली. लग्न होऊन आल्यापासून माझ्यापुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी चढला.

"आई, तुम्हाला बरं व्हायचंय की सोसायचंय? एकदा सांगा मला! पेज मोरीत जाते ते कळत नाही का मला? दुखतंय तर दुखतंय म्हणा ना! तुम्ही नळ सोडून कण्हणार, मग मला बाहेर कळायचं कसं? मी काय करायचं?"

मागे हे येऊन उभे होते. सुनेचा आवाज ऐकून काही बोलायला गेले, तशी ती त्यांच्याकडे वळली. "आणि बाबा, तुम्ही. झोंबलं की बरं होतं असं ह्यांना परत एकदा जरी सांगितलंत ना, तर मी तुम्हालाच रोज झाकणभर देईन."

हे दारातच खांब झाले. मी पालथ्या बादलीवर बसले आणि रडत रडत मान हलवली. बरं व्हायचंय मला, बाई. बरंच व्हायचंय.

खारट किती

त्या दिवसापासून मीठ-पाण्याचं खातं ह्यांनी घेतलं. पाणी उकळायचं, कोमट करायचं, मीठ घालायचं, सोडा घालायचा. आधी स्वतः चव बघायचे. "डोळ्यांतल्या पानीएवढं खारट पायजे," हे त्यांचं माप. जन्मभर मिठागर केलेला माणूस चिमूटभर मीठ एवढ्या काळजीने टाकताना मी पहिल्यांदाच बघत होते. चूळ भरून झाली की विचारायचे, "झोंबलं न्हाय ना?" मी नाही म्हटलं की निवांत व्हायचे.

फोड गेले नाहीत, पण त्यांच्यावर रोज तेल ओतणं थांबलं. जेल लावायचं, दहा-पंधरा मिनिटं बसायचं, मग पेज घ्यायची. प्राजक्ता समोर बसायची, भांडं रिकामं होईतो उठायची नाही. कधी रताळं उकडून दुधात कुस्करलेलं, कधी मऊ भात ताकात. गावाकडून जाऊबाईने नारळ धाडले, त्याचं दूध. काटा एक दिवस उतरायचा थांबला. नंतरही वजन वाढलं असं नाही, पण जागचं हललं नाही. डॉक्टरांनी नळीचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि शेकाचा एकही दिवस चुकला नाही. शेवटच्या दिवशी मुखवटा सोडवताना सिस्टरने तो घरी नेणार का विचारलं. मी हातानेच सांगितलं, तूच ठेव बाई.

तुम्हाला सांगायचं ते

मी डॉक्टर नाही, म्हणून थोडंच सांगते. कडक माउथवॉश वाईट असं मी म्हणत नाही. प्रशांत आजही तसलाच वापरतो, नवी बाटली आणून. पण शेक चालू असतील, तोंड कोरडं पडत असेल, आतून सोलवटलं असेल, तर अल्कोहोलची बाटली लांब ठेवा. दुकानदार "सगळे सारखेच" म्हणेल, तरी बाटली फिरवून मागचं वाचा. वाचता येत नसेल तर शेजारच्या पोराला वाचायला सांगा. आणि तोंडात काय घेताय ते तुमच्या दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. बाटलीसकट दाखवा. मी पहिल्याच आठवड्यात दाखवली असती तर बरेच घास मोरीत गेले नसते.

मी पुष्कळांचं देणं लागते. त्या मॅडमचं, पावलावर हात ठेवणाऱ्या सिस्टरचं, ह्यांचं, पेणच्या त्या डॉक्टरांचं, ज्यांनी "उद्याच जा" म्हटलं. देवाचं तर आहेच. त्याने जीभ थोडी नेली, पण पुष्कळ ठेवली.

परवा तपासणी झाली. सगळं ठीक आहे. त्या रात्री प्राजक्ताने तिच्या माहेरची काळ्या मसाल्याची आमटी केली, माझ्यासाठी वेगळी काढून, तिखट कमी करून. मी भात कालवला, पहिला घास घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते. हेसुद्धा घास हातात धरून थांबले होते.

मी म्हटलं, "झोंबतंय गो."

प्राजक्ता ताडकन उठली. माझी वाटी उचलली, आमटीत नारळाचं दूध ओतायला स्वयंपाकघरात पळाली, आणि तिथूनच तिचं हसणं ऐकू आलं. एवढी तक्रार ऐकून एवढं खुश झालेलं माणूस मी जन्मात बघितलं नव्हतं.